ढिगाऱ्याखालून सुटल्यावर

सन १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी लंडनवर बाँबचा वर्षाव सुरू केला व तो पुढील मेपर्यंत चालला. घरे कोसळत, माणसे विटा-तुळयांखाली गाडली जात. कित्येक तासांनी एखाद्यास जिवंत बाहेर काढले, की पाहणारे सुटकेचा निःश्वास टाकीत. परंतु त्यांपैकी काहींचे खरे संकट तेथूनच सुरू होई. त्याची हकीकत आज आपणांपुढे मांडावी, असे आम्ही योजिले आहे.

हॅमरस्मिथ रुग्णालयातील एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी असे चार रोगी अभ्यासून मार्च १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निबंध लिहिला. प्रथम रोग्याची प्रकृती बरी वाटे. मग चेंगरलेला अवयव सुजे, रक्तदाब उतरे, लघवी घटत जाई. रोगी कधी गुंगीत पडे, तर कधी आपल्या दुखण्याचे गांभीर्य उमजून व्याकूळ होई. पुष्कळदा आठवड्याच्या आतच मृत्यू त्याला गाठी.

मार हातापायाला, मग गुंगी का यावी? चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे तांबूस द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करते. मूत्रपिंड थांबले, की शरीरातील टाकाऊ द्रव्ये रक्तात साचतात. मेंदू मंदावतो, भ्रम होतो, हात थरथरतात, झटके येतात आणि अखेर शुद्ध हरपते. शिवाय पोटॅशियम वाढून हृदय एकाएकी बंद पडू शकते. सैगो मिनामी या जपानी वैद्याने पहिल्या महायुद्धातील सैनिकांवरून हा विकार १९२३ मध्येच वर्णिला होता. परंतु त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

१९४५ मध्ये नेदरलंडमधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली. तिच्या आजाराचे कारण निराळे होते; तरी रक्त निवळले की मेंदूही जागा होऊ शकतो, हे तिने जगाला दाखविले. युद्धानंतर कोल्फ यांचे एक यंत्र हॅमरस्मिथलाही पोचले.

आज भूकंपात अडकलेल्या माणसाला, शक्य असेल तर ढिगारा उचलण्यापूर्वीच, शिरेवाटे सलाइन देतात. दगड दूर झाला म्हणजे माणूस वाचला, असे नव्हे. हे शहाणपण त्या चार खाटांपाशी बसून टिपलेल्या नोंदींतून आले, हे आपण विसरू नये.