जिनिंग, औषध अन् लॅटिन

परवा दहावीतला पुतण्या इंग्रजी शब्द घोकत बसला होता. होमिसाइड, सुइसाइड, पेस्टिसाइड. एकेक शब्द दहादहा वेळा. त्याला म्हटलं, अरे बाप्पा, शेवटचं 'साइड' तेवढं समजून घे, अर्धं काम तिथंच झालं.

लॅटिनमध्ये 'काएदेरे' म्हणजे कापणं, मारून टाकणं. त्याचंच हे 'साइड'. 'होमो' म्हणजे माणूस, 'सुई' म्हणजे स्वतःचा, 'हर्बा' म्हणजे गवत-झाडपाला. म्हणून हर्बिसाइड ते तणनाशक, अन् फंगिसाइड ते बुरशीनाशक. आपण 'नाशक' जोडतो, ते 'साइड' जोडतात. 'पेस्टिस' म्हणजे मुळात रोगाची साथ, प्लेगसारखी. पिकावरच्या किडीला हा शब्द बऱ्याच नंतर चिकटला.

पुतण्या म्हणे, काका, रोमच्या भाषेचा अन् यवतमाळचा काय संबंध?

संबंध कापसाचा आहे. संस्कृतातला 'कर्पास' व्यापाराबरोबर ग्रीकांकडे गेला अन् तिथून लॅटिनमध्ये 'कार्बासुस' झाला. रोमन लोक तलम कापडाला अन् जहाजाच्या शिडालाही कार्बासुस म्हणत. म्हणजे आपण त्यांचे शब्द पाठ करायच्या कितीतरी आधी त्यांनी आपला एक पाठ केला होता!

मग परतीचा माल आला. आपण गाडी घेऊन जिनिंगवर जातो, तो 'जिन' म्हणजे 'एंजिन'चाच तुटलेला तुकडा. एंजिन आलं लॅटिन 'इंगेनियुम'पासून. त्याचा अर्थ जन्मजात अक्कल; पुढं अकलेनं बनवलेल्या यंत्रालाही तोच शब्द लागला. एली व्हिटनीनं 1794 मध्ये अमेरिकेत सरकी वेगळी करणाऱ्या जिनचं पेटंट घेतलं. 1861 ते 1865 तिकडं यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, अन् वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. पुढं आपल्याकडं गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, शब्दासकट.

गंमत अशी की इंगेनियुममधलं 'गेन' अन् आपला 'जन्', म्हणजे जन्मातला जन्, हे एकाच मुळाचे. विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच उगमातून निघालेल्या दिसतात. दंत अन् डेंटल, सप्त अन् सप्टेंबर. (सप्टेंबर नववा महिना कसा, हे विचारू नका. रोमनांचं वर्ष आधी मार्चला सुरू व्हायचं.) शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर माझं इंग्रजी एवढं कच्चं राहिलं नसतं. आम्हाला नुसती स्पेलिंगं दिली.

पण ही पोस्ट मी इंग्रजीच्या मार्कांसाठी लिहीत नाही. 2017 चा पावसाळा आठवा. आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोळ्यांपुढं अंधारी, श्वास लागलेला. उंच वाढलेली पऱ्हाटी, अंगावर उडणारा फवारा, तोंडाला साधा रुमाल. कारणं पुष्कळ होती, एका शब्दावर खापर फोडता येत नाही. तरी मला एक गोष्ट खटकत राहते. डब्यावर 'इन्सेक्टिसाइड' लिहिलंय, म्हणजे मारणारं. मराठीत 'कीटकनाशक', तेही स्पष्टच. अन् आपण कृषी केंद्रात जाऊन काय मागतो? 'औषध द्या.' फवारायला औषध, अन् कोणी जिवाचं बरंवाईट केलं तरी 'औषध घेतलं'.

डब्यावरचा चौकोन तरी पाहत जा. त्यातला लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवासुद्धा विषच, फक्त कमी.

पुतण्यानं आता घरात ठरवून टाकलंय, औषध म्हणायचं नाही, विष म्हणायचं. माझी आई अजून विसरते. काल सालदाराला म्हणाली, 'औषध आणलं का रे?' पोरगं आतून ओरडलं, 'आजी, विष!' सालदार दारातच थांबला.