धोट्याचं भोक

आमच्या अण्णांचा लाकडी धोटा अजून माझ्या कपाटात आहे. अण्णा सोलापुरात मागावर कामाला होते. दिवाळीत नातू पुण्याहून आला, त्यानं मोबाईलवर धोट्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाला, "आजी, थ्रीडी प्रिंटरवर असेच धोटे करू. तुझ्या बहिणींना एकेक देऊ."

पण फोटोंवरून बनलेली फाईल कॅडमध्ये उघडली, तर धोटा जेमतेम पंधरा मिलिमीटरचा! मी जन्मभर इतिहास शिकवला. चूक काय झाली यापेक्षा ती केव्हापासूनची आहे हे विचारायची खोड काही जात नाही.

तर मंडळी, या एसटीएल फाईलचा जन्म १९८७ चा. अमेरिकेत चक हल यांनी पातळ राळेवर अतिनील किरण टाकून थरावर थर घट्ट करायची युक्ती काढली. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्या यंत्राला आकार सांगण्यापुरती ही फाईल. तिच्यात नुसते त्रिकोण: तीन कोपरे आणि बाहेरची बाजू कुठली ते. इंच की मिलिमीटर, याची नोंदच नाही. नातवानं पट्टीनं मोजून पंधरा इंच घातले होते, कॅडनं ते मिलिमीटर धरले. २५.४ नं गुणल्यावर धोटा मापात आला.

दुखणं तिथं संपलं नाही. ही फाईल छापण्यासाठी जन्मली, दुरुस्त्या करण्यासाठी नव्हे. कॅडला गोल म्हणजे गोल कळतो, इथं गोल टोकसुद्धा शेकडो त्रिकोणांचं. काही त्रिकोण उलटे, म्हणजे बाहेरची बाजू आत. काहींना शेजारीच नाही, तिथं फट. फट राहिली की आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं हे ठरत नाही आणि भरीव वस्तू होत नाही. नातवानं त्रिकोण कमी केले, उलटे होते ते सुलटे केले आणि एका फटक्यात सगळी भोकं बुजवली. संगणक म्हणाला, आता एकही चूक नाही.

मी चष्मा लावून पाहिलं. धोट्याच्या कुशीतलं बारीक भोकही बुजलं होतं! त्याच्या आतलं फोटोत आलं नव्हतं, म्हणून तीही फटच ठरली.

१७३३ साली इंग्लंडमध्ये जॉन के यांनी धावता धोटा काढला. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढं चादरींनी गावाचं नाव झालं. या सगळ्यात बाण्याचं सूत धोट्याच्या भोकातूनच बाहेर यायचं. कांडी संपली की अण्णा नवी घालत, भोकाला तोंड लावत आणि श्वासासरशी सूत बाहेर ओढत. सुताबरोबर तूसही आत जाई. शेवटची काही वर्षं त्यांची खोकण्यात गेली. त्या भोकाची कड आजही गुळगुळीत आहे.

"बाकीच्या फटी बुजव बाळा, हे नको," मी म्हटलं. तो गप्प झाला. मग त्यानं भोकात तार घालून जाडी मोजली आणि कॅडमध्ये आरपार भोक पाडलं.

भाऊबीजेला धाकट्या बहिणीच्या हातात प्लास्टिकचा धोटा दिला. तिनं काही न विचारता भोकाला ओठ लावले.

असो. तुमच्या घरी कुणाचा धोटा असेल तर जरूर लिहा.