उत्तर कोरियातील अमेरिकी पत्रकारांची सुटका (२००९)

लॉरा लिंग व युना ली या ‘करंट टीव्ही’ वाहिनीच्या अमेरिकी पत्रकार. उत्तर कोरियातून चीनमध्ये पळून आलेल्या स्त्रियांच्या व्यथांवर वार्तापट करताना, १७ मार्च २००९ रोजी तुमेन नदीच्या सीमेवर त्या उत्तर कोरियाच्या सैनिकांच्या हाती लागल्या. जूनमध्ये प्याँगयांगच्या न्यायालयाने दोघींना बारा वर्षे सक्तमजुरी ठोठावली.

अमेरिका व उत्तर कोरिया यांच्यात राजनैतिक संबंध नसल्याने कैद्यांची भेट घेण्याचे काम स्वीडनच्या प्याँगयांगमधील राजदूतांनी केले. या शांत, चिवट कामाची दखल फारशी घेतली गेली नाही. उत्तर कोरियाच्या मे महिन्यातील अणुचाचणीमुळे वातावरण आधीच तापलेले होते. आरोप निराधार आहेत, असे सुरुवातीला ठणकावणाऱ्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जुलैत थेट माफीची विनंती केली. भाषेतला हा बदल निर्णायक ठरला असावा. अशा राजवटींना गुन्हा मान्य झाल्याचे दिसणे फार महत्त्वाचे वाटते.

४ ऑगस्टला माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन प्याँगयांगला पोहोचले. ही खासगी, मानवतावादी भेट असल्याचे व्हाइट हाउसने आवर्जून सांगितले. उत्तर कोरियाचे सर्वोच्च नेते किम जोंग-इल यांनी त्यांच्यासोबत छायाचित्र काढून घेतले आणि विशेष माफी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी दोघी कॅलिफोर्नियात आपल्या कुटुंबीयांना भेटल्या. अशा भेटींनी हुकूमशहांना प्रतिष्ठा मिळते, ही टीका खरी आहे. पण तुरुंगातल्या माणसापुढे ती गौण ठरते.