सोलापुरातील गाठ : मुलांचे श्रम, शिक्षण आणि खेळ

रंगीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या एकमेकींत गुंफून किल्लीचे गोंडे, मनगटाची कडी किंवा शिट्टीचे पट्टे तयार करण्याचा मुलांचा छंद इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हाच विषय सोलापूरसारख्या, सुतावर उभ्या राहिलेल्या शहराच्या संदर्भात पाहिला असता एक गंभीर प्रश्न समोर येतो. मुलाच्या बोटांनी धाग्याला मारलेली गाठ श्रम केव्हा असते आणि खेळ केव्हा ठरते? या प्रश्नाचे उत्तर गाठीच्या कौशल्यात सापडत नाही. मुलाच्या वेळेवर कोणाचा अधिकार होता, यात ते शोधावे लागते.

सोलापुरातील हातमागाचा व्यवसाय कुटुंबाचा व्यवसाय होता. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी माग पुरुषाच्या हाती असला, तरी त्याच्या मागे घरातील स्त्रिया व मुले यांचे काम अखंड चाले. सूत उकलणे, कांड्या भरणे, तुटलेला धागा जोडणे ही कामे लहान वयातच अंगवळणी पडत. मागावरील ताणा संपत आला म्हणजे त्याच्या प्रत्येक शेंड्यास नव्या ताण्याचा धागा जोडावा लागतो. धाग्यांची संख्या शेकड्यांनी मोजावयाची असल्याने या कामास चपळ बोटे आणि मोठा धीर लागतो. तुटलेल्या धाग्याला विणकर जी गाठ मारतो, ती लहान, चपटी आणि घट्ट असावी लागते. कारण ती फणीच्या दातांमधून न अडता निघून गेली पाहिजे आणि कापडाच्या पोतात दिसताही कामा नये. उत्तम गाठ म्हणजे कोणाच्याही ध्यानात न येणारी गाठ, असा या धंद्याचा दंडक आहे. ती मारणाऱ्या मुलाच्या वाट्यासही इतिहासात असेच अदृश्य राहणे आले.

१८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत शहरात आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. हिंदुस्थानातील सूत गिरण्यांत मुलांना मुख्यतः साच्यांवर घेतले जाई. भरलेल्या बाबिनी उतरवून रिकाम्या चढविणे आणि तुटलेली तार पिळाने सांधणे ही त्यांची कामे असत. घरातील काम आणि गिरणीतील काम यांत बोटांची हालचाल फारशी वेगळी नव्हती. वेगळी होती ती वेळेची शिस्त. घरी मूल कांडी टाकून अंगणात पळू शकत असे. गिरणीत यंत्राची गती हीच मुलाची गती झाली.

यानंतरचा इतिहास कारखान्यांच्या कायद्यांतून वाचता येतो. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस मज्जाव केला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी कामाचे तास सात ठरले. १९११ साली कापड गिरण्यांतील मुलांसाठी ही मर्यादा सहा तासांवर आली. १९२२ साली किमान वय बारा झाले. १९३४ साली तास पाच झाले. आणि १९४८ च्या कायद्याने किमान वय चौदा करून पंधरा वर्षांखालील मुलांचे काम साडेचार तासांपुरते मर्यादित केले. हे आकडे सामान्यतः मजूर कायद्यांच्या इतिहासात नोंदविले जातात. वस्तुतः बालपणाच्या इतिहासाचीही तीच प्रमुख साधने होत. कारण नवापासून साडेचारापर्यंत उतरत गेलेल्या प्रत्येक तासागणिक मुलाच्या खेळास आणि शिक्षणास तेवढी जागा मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली.

ही शक्यता मात्र आपोआप प्रत्यक्षात उतरली असे मानणे चुकीचे ठरेल. कायद्याचा अंमल गिरणीच्या दारापर्यंत होता. घरातील कांडी, घरातील विडी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सोलापुरात विड्या वळण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर वाढला आणि तो बहुतांशी स्त्रियांच्या हाती राहिला. वळलेल्या विडीस दोरा बांधणे हेही बोटांचेच काम, आणि आईस हातभार लावणाऱ्या मुलीस ते सहज जमणारे. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांसाठी निषिद्ध ठरविले खरे. परंतु कुटुंबाच्या साहाय्याने चालणारे काम त्याच कायद्याने त्या निषेधातून वगळले. मुलाच्या गाठीचा जो भाग सर्वांत कमी दिसत होता, तोच सर्वांत अधिक काळ कायद्यावाचून राहिला.

दरम्यान धाग्याने शाळेतही प्रवेश केला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना तयार केली, आणि त्या उद्योगांत सूतकताई व विणकाम यांना प्रमुख स्थान मिळाले. मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर त्याच वेळी कडक टीका झाली. शाळेचे रूपांतर कारखान्यात होईल, ही भीती निराधार नव्हती. जेथे टकळी ही नवलाची वस्तू होती, तेथे ती मुलास श्रमाची प्रतिष्ठा शिकवू शकत होती. परंतु ज्या घरात सूत हेच पोटाचे साधन होते, तेथील मुलास सूत म्हणजे श्रम हे शाळेने निराळे शिकविण्याची गरज नव्हती. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची कल्पना मांडली, आणि हस्तकलेवरील उत्पन्नाचे ओझे बरेचसे उतरले.

प्लॅस्टिकची दोरी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. पट्टे गुंफण्याचा छंद प्लॅस्टिकहून जुना आहे. अमेरिकेतील बालवीरांत चामड्याचे असे पट्टे ‘बूनडॉगल’ या नावाने रूढ झाले होते. १९३५ साली न्यूयॉर्क शहरात बेकारांच्या मदतकार्याची चौकशी चालू असता, असल्या वस्तू शिकविण्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो असे उघडकीस आले, आणि तो शब्दच निरर्थक सरकारी खर्चाचा वाचक बनला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये प्लॅस्टिकच्या पोकळ रंगीत दोऱ्यांची लाट आली आणि साशा दिस्तेल यांच्या गाण्यावरून त्या वस्तूस ‘स्कूबिदू’ हे नाव पडले. भारतात पीव्हीसीचे व्यापारी उत्पादन १९६१ साली मुंबईत सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील घराघरांत वायरच्या विणलेल्या पिशव्या आल्या, शाळांच्या कार्यानुभवात वायरकाम आले, आणि दूरध्वनीच्या केबलमधील रंगीबेरंगी तारांच्या अंगठ्या मुलांच्या बोटांत दिसू लागल्या.

या गाठीची रचना विणकराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. दोन दोऱ्या मध्यावर एकमेकींवर आडव्या ठेवल्या म्हणजे चार टोके मिळतात. प्रत्येक टोक शेजारच्या टोकावरून दुमडावयाचे आणि शेवटचे पहिल्याच्या फासातून ओवून चारही टोके एकदम ओढावयाची. त्यातून दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांचा, एकाखाली एक व एकावर एक असा चौकोन बनतो. साध्या विणीचा याहून लहान नमुना संभवत नाही. ताणा आणि बाणा येथे मागावाचून भेटतात. कापसाचा धागा घर्षणाने गाठ धरून ठेवतो. प्लॅस्टिक गुळगुळीत असल्याने एकच गाठ सैल पडते, म्हणून थरावर थर चढवून प्रत्येकाने खालच्यास आवळून धरावे लागते. विणकराची गाठ लपण्यासाठी असते. ही गाठ दिसण्यासाठीच मारली जाते. तिला बाजारभाव नाही, ती बिघडली तर कोणाची मजुरी कापली जात नाही, आणि ती उकलून पुन्हा मारण्यास मुलास पूर्ण मुभा असते.

छंदाचा खरा अर्थ या मुभेत आहे. प्लॅस्टिकच्या दोरीने मुलांच्या बोटांना नवे कौशल्य दिले असे म्हणता येणार नाही. सोलापूरच्या मुलांपाशी ते पिढ्यान्‌पिढ्या होते. ज्या मुलाच्या हाती गाठ मारून ती वाया घालविण्याइतका वेळ आला, त्याच्यापुरता मात्र एक मोठा सामाजिक बदल घडून आला होता. शहराच्या औद्योगिक इतिहासात गिरण्यांची चाती, मागांची संख्या आणि मजुरीचे दर यांची मोजदाद होत आली आहे. मुलांना मिळालेल्या मोकळ्या तासांची मोजदादही त्याच इतिहासाचा भाग समजली पाहिजे. आणि ती करताना गिरणीतील मुलांबरोबरच घरात कांड्या भरणाऱ्या व दोरा बांधणाऱ्या मुलींचे तास वेगळे मांडावे लागतील, कारण कायद्याने मोकळा केलेला वेळ त्यांच्या वाट्यास सर्वांत उशिरा आला.