उद्याननगरीचं शेत

सहा हजार एकर जमीन विकत घ्यायची. मधल्या एक हजार एकरांवर शहर वसवायचं, भोवतालच्या पाच हजार एकरांवर शेती ठेवायची आणि ती कधीही एन. ए. होऊ द्यायची नाही. (एन. ए. हा शब्द अर्थात आपल्या तलाठी कार्यालयातला.) एबनेझर हॉवर्ड या लंडनच्या गृहस्थाने १८९८ साली पुस्तकात मांडलेला हा हिशेब. शेतीच्या आधाराने वसवलेल्या आजच्या हरित वसाहतींचं कूळ शोधत मागे गेलं, की बहुतेकदा याच माणसाच्या दाराशी येऊन थांबावं लागतं.

हॉवर्ड ना वास्तुविशारद होता, ना इंजिनिअर. पार्लमेंटमधली भाषणं लघुलिपीत उतरवून घेणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. शेती मात्र त्याने करून पाहिली होती. १८७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो दोन मित्रांबरोबर अमेरिकेला गेला आणि नेब्रास्कात १६० एकर जमीन घेऊन मका, बटाटे, काकड्या, कलिंगडं लावून बसला. बेत फसला. पुढच्याच वर्षी त्याने शिकागो गाठलं आणि १८७६ मध्ये तो मायदेशी परतला. इंग्लंडात तेव्हा अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्याने शेतकऱ्याचं कंबरडं मोडत होतं, खेडी ओस पडत होती आणि लंडनच्या चाळवस्त्या फुगत होत्या. हे दोन वेगळे रोग नाहीत, एकाच रोगाची ही दोन लक्षणं आहेत, हे हॉवर्डने ओळखलं. शेती बुडालेल्या माणसाने शहराचा आराखडा काढताना सहातले पाच वाटे शेतीला द्यावेत, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुस्तकातल्या वर्तुळाकार आकृत्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. ही नुसती आकृती आहे, प्रत्यक्ष नकाशा जागा पाहून ठरेल, अशी तळटीप त्याने स्वतःच टाकली होती. ती फारशी कुणी वाचत नाही. खरी गंमत त्यापुढच्या आकडेमोडीत आहे. मंदीमुळे शेतजमीन स्वस्त होती. एकरी ४० पौंड धरून सगळी जमीन २ लाख ४० हजार पौंडांत येणार होती. शहरात ३०,००० माणसं, शेतीपट्ट्यात २,०००. शेतकऱ्याला गिऱ्हाईक दाराशी, म्हणून वाहतुकीचा खर्च वाचणार. माल शहरातच विकला पाहिजे अशी सक्ती मात्र नाही. शहराचा मैला आणि केरकचरा खत होऊन त्याच शेतांत जाणार. मोठी शेतं, छोटे तुकडे, फळबागा, गायींची कुरणं, सहकारी शेती यांपैकी काय टिकेल ते वरून ठरवायचं नाही. ज्याला जास्त खंड परवडेल त्याने जमीन कसावी.

आणि हा खंड जायचा कुठे, हा त्या पुस्तकाचा गाभा. लोक राहायला आले की जमिनीचा भाव चढतो. मालकाने त्यासाठी काडी हलवलेली नसते. मग ती वाढ लोकांच्याच पदरात पडली पाहिजे, हे अमेरिकन अर्थविचारवंत हेन्री जॉर्जचं म्हणणं हॉवर्डच्या मनात पक्कं बसलं होतं. म्हणून सगळी जमीन विश्वस्तांच्या नावावर ठेवायची. खंडातून आधी कर्जाचं व्याज आणि मुद्दल फेडायचं, उरेल त्यातून शाळा, रस्ते आणि पुढे म्हाताऱ्यांची पेन्शन. जमीनदाराचा खंड हळूहळू नाहीसा कसा होतो ते दाखवणारी एक आकृतीही पुस्तकात होती. १९०२ साली पुस्तक नव्या नावाने निघालं, ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’, तेव्हा ती आकृती गळली. नाव जास्त गोड झालं, मजकूर थोडा मवाळ.

१९०३ मध्ये इंग्लंडातल्या लेचवर्थला एका कंपनीने ३,८१८ एकर जमीन घेऊन पहिलं उद्याननगर सुरू झालं. शेतीपट्टा राहिला, आजही आहे. पण पैसा गुंतवणारे धास्तावू नयेत म्हणून ठरावीक काळाने भाडं वाढवण्याची हॉवर्डची योजना कंपनीच्या संचालकांनी बाजूला ठेवली आणि नेहमीचे ९९ वर्षांचे भाडेपट्टे दिले. १९६० मध्ये एका हॉटेल कंपनीने शेअर विकत घेऊन कंपनीच ताब्यात घेतली. ती सोडवायला १९६२ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला.

पुढे उद्याननगराचं नाव जगभर पसरलं. बरोबर गेली ती बाग. शेत मागेच राहिलं. लंडनभोवती १९३८ च्या कायद्याने हरितपट्टा आला, पण त्याचं काम मुख्यतः शहराला आवर घालण्याचं. तो शहराला जेवू घालेल, ही अपेक्षा तोवर विरली होती. मुंबईत प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तोही १८९८ सालीच. त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते दिले, पारशी कॉलनीत पाच बागा दिल्या. मग १९१५ चा टाउन प्लॅनिंगचा कायदा आला. या कायद्याने आणलेल्या पद्धतीत शेतकऱ्याचं वेडंवाकडं शेत ‘ओरिजिनल प्लॉट’ म्हणून योजनेत जातं आणि चौकोनी ‘फायनल प्लॉट’ होऊन बाहेर पडतं. मूळ मालकाला हिस्सा मिळतो, हे चांगलंच. पण नांगर पुन्हा त्या जमिनीत जात नाही.

शेत परत आलं ते कॅलिफोर्नियात. डेव्हिस या गावी मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या जोडप्याने १९७५ च्या सुमारास ‘व्हिलेज होम्स’ ही सुमारे ७० एकरांची वसाहत सुरू केली. रस्ते अरुंद. पावसाचं पाणी गटारात न जाता उघड्या चरांतून जमिनीत मुरतं. घरांमागे द्राक्षं, फळझाडं आणि रहिवाशांनी कसायचे भाजीचे वाफे. शिवाय बदामाची सामाईक बाग. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना ना ते रस्ते पसंत होते, ना ते चर. हॉवर्डचं ऋण कॉर्बेट दांपत्याने मोकळेपणाने मानलं आहे. फक्त घरं इथे ज्याच्या-त्याच्या मालकीची आहेत. वसाहत नावारूपाला आली तसे घरांचे भाव आसपासच्या वस्त्यांपेक्षा चढे राहिले, आणि वरचा पैसा जातो तो घर विकणाऱ्याच्या खिशात.