दोन पाय, दोन चाके आणि रस्त्याचा हक्क

आमच्या अभ्यासवर्गात एक प्रस्ताव आला होता. शाळा, कॉलेज, बाजार, विहार अशा जवळच्या ठिकाणी जाताना पायी चालायचे किंवा सायकल वापरायची, आणि ही मोहीम वस्तीवस्तीत न्यायची. पेट्रोल वाचेल, तब्येत सुधारेल, मुलींना शाळेची वाट सोपी होईल, असे मुद्दे मांडून झाले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका पोराने विचारले, "आजा चालून चालून मेला, बापाने कर्ज काढून मोटारसायकल घेतली, आणि तुम्ही आता आम्हाला परत पायी चाला म्हणता?"

सगळे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे इतिहास आहे आणि त्याचे उत्तरही इतिहासातच शोधावे लागेल.

पहिली गोष्ट कबूल करू. चालणे आपल्या समाजाला कोणी आरोग्यासाठी शिकवले नाही, ते आपल्यावर लादले गेले. महार वतन म्हणजे काय होते? सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचे. वसुलाचा पैसा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत सोबत करून न्यायचा. साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे. गावात कोणी मेले की पाहुण्यांच्या गावोगाव मयताचा सांगावा घेऊन जायचे. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, हाक आली की निघायचे. घरचा कर्ता माणूस नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायचे. मोबदल्यात काय, तर हाडकी-हाडवळ्याची तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणलेले बलुते. ज्यांना आपण तराळ-येसकर म्हणतो, ते गावगाड्याचे बिनपगारी पाय होते.

आता याच व्यवस्थेची दुसरी बाजू बघा. गावाच्या कामासाठी कितीही चाला, पण स्वतःच्या कामासाठी रस्त्यावर पाय ठेवाल तर विटाळ! पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने आपली पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधायचा आणि थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवायचे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे. १९०१ च्या सुमारास नऊ वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या अटीवर प्रवास झाला. आपले पाय वापरायला व्यवस्थेची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती आपण आपल्या मर्जीने, आपल्या कामाला जाण्याची.

म्हणून आंबेडकरी चळवळीचा इतिहास हा चालण्याचा अर्थ बदलण्याचाही इतिहास आहे, असे आम्ही मानतो. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. कागदावर तळे खुले झाले, पण तळ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून निघालेली मिरवणूक शिस्तीत चालत चवदार तळ्यावर गेली, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्याआधी १९२४ मध्ये त्रावणकोरातल्या वायकोमला तर सत्याग्रहच देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी झाला होता. कोणाचा तरी हुकूम म्हणून मैलोन्‌मैल चालणारा समाज स्वतःच्या निर्णयाने चालू लागला, हा फरक छोटा नाही. १९७९ साली नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्चही याच परंपरेतला आहे.

आणि वाहनाचे काय? वाहन आले की मान मिळतो, हे त्या पोराच्या प्रश्नात गृहीत आहे. इथे १९२९ सालची चाळीसगावची घटना आठवावी लागते. सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनपासून दूर होता. आपल्या बॅरिस्टर पाहुण्याला पायी नेणे तिथल्या बांधवांना कमीपणाचे वाटले. पण टांगेवाला न्यायला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेतला, पण हाकायला बसला आपल्यातलाच एक जण, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे. साधा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हे त्यातून त्यांना दिसले. मित्रांनो, टांगा मिळाला म्हणून जात गेली नाही, आणि पायी चालल्याने बाबासाहेबांची योग्यता कमी झाली नसती. कमीपणा चालण्यात नव्हता, तो टांगेवाल्याच्या डोक्यातल्या जातीत होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धाराशिव तालुक्यातले कसबे तडवळे हे गाव त्या काळी इंग्रज हद्दीत, बार्शी तालुक्यात होते आणि आजूबाजूला निजामाचे राज्य. निजामी मुलखात सभा-संमेलनांवर कडक बंधने होती. अशा ठिकाणी २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. निजाम हद्दीतल्या माणसाला या परिषदेला यायचे तर ती सीमा ओलांडावी लागे. बाबासाहेबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, ही आठवण तडवळे आजही जपते. परिषदेचा विषय नीट लक्षात घ्या. तो विषय होता वतन, म्हणजे तीच राबणूक, तेच फुकटचे चालणे. वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले होते. कनिष्ठ वतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. म्हणजे लादलेल्या चालण्याविरुद्धच्या लढाईचे एक मोठे ठाणे आपल्याच जिल्ह्यात आहे. तडवळ्याला चालत किंवा सायकलने जाणे ही आपल्यासाठी नुसती सहल कशी असेल?

सायकलचाही आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. पर्यावरणवाल्यांनी सायकल हातात घेतली त्याच्या कितीतरी आधी मान्यवर कांशीरामांनी ती चळवळीचे साधन केली होती. १९८३ साली डीएस-फोरच्या सुमारे १०० कार्यकर्त्यांनी सात राज्यांतून ४,२०० किलोमीटरचा सायकल प्रवास केला. पैसा नाही, गाड्या नाहीत, वर्तमानपत्रे आपली नाहीत, पण दोन पाय आणि दोन चाके आहेत, आणि तेवढ्यावर किमया घडवता येते, हे त्या मोहिमेचे सूत्र होते. सायकल तिथे गरिबीची खूण नव्हती. ज्याला कोणाच्या गाडीत बसून जायचे नाही, त्याचे ते वाहन होते.

मुलींच्या बाबतीत तर सायकलने जे केले ते भाषणांनी झाले नसते. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवली. दगडखाणीत राबणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बाया त्यात होत्या. लोकांचे टोमणे सहन करत हजारो जणी शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांच्यातील दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जिथे शाळा लांब, तिथे फायदा जास्त. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. मग आमचा प्रश्न आपल्याच घराला आहे. मुलीच्या नावाने आलेली सायकल भाऊ फिरवतो आणि मुलगी दहावीनंतर घरी बसते, असे किती घरांत चालते? जयंतीला सावित्रीमाईंचा फोटो लावायचा आणि मुलीची सायकल मुलाला द्यायची, ही विसंगती आपण कधी बोलून दाखवणार?

शेवटी कायद्याची गोष्ट. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत 'रस्ते' हा शब्द आहे. तो तिथे सहज आलेला नाही. आणि २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात जी कृत्ये गुन्हा ठरवली, त्यांत अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात चप्पल घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून अडवणे हे स्पष्ट लिहिले आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. विचार करा, एकविसाव्या शतकात या देशाच्या संसदेला कायद्यात 'सायकल' हा शब्द घालावा लागला. ज्यांना सायकल म्हणजे नुसता व्यायाम वाटतो, त्यांना हे कलम वाचायला द्या.

म्हणून आमची मोहीम 'सायकल चालवा' एवढ्यावर थांबता कामा नये. आम्ही सुचवतो ते असे. प्रत्येक वस्तीतल्या मुलामुलींनी वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट एकदा एकत्र चालून काढावी आणि वहीत लिहावे: दिवा कुठे नाही, गटार रस्त्यावर कुठे वाहते, पावसाळ्यात चिखल कुठे होतो, मुलींना कोणत्या कोपऱ्यावर त्रास होतो. ती यादी ग्रामसभेत ठेवावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आहे. त्या पैशातून रस्ता, गटार, दिवे होऊ शकतात. आपल्या वस्तीचा प्रस्ताव गेला का, मंजूर किती झाले, काम कुठे झाले, हे लेखी विचारावे. आणि २२ फेब्रुवारीला पायी किंवा सायकलने, मुलींना पुढे ठेवून, तडवळ्याला जावे.

मागे बसलेल्या त्या पोराला आमचे उत्तर इतकेच. तुझ्या बापाने मोटारसायकल घेतली, ती त्याच्या कष्टाची कमाई आहे, ती कोणी विकायला सांगत नाही. पण तुझा आजा चालला तो दुसऱ्याच्या हुकमाने. तुझी बहीण सायकलवर निघेल ती स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या शाळेला, आणि तो रस्ता तिचा असेल. आज्याच्या चालण्यात आणि तिच्या निघण्यात महाड आहे, तडवळे आहे, संविधान आहे.

जयभीम!