चौदा तास न दिसलेला लॉग

८ जुलै २०२२, शुक्रवार. ठिकाण कॅनडा, वेळा टोरोंटोच्या.

मध्यरात्रीनंतर

रॉजर्स ही कॅनडातल्या बड्या टेलिकॉम कंपन्यांपैकी एक. तिच्या आयपी कोअरचं, म्हणजे नेटवर्कच्या गाभ्याचं, अपग्रेड सात टप्प्यांत चाललं आहे. आज सहावा टप्पा. सुरुवातीला या कामाची जोखीम ‘जास्त’ ठरवली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, तशी ती ‘कमी’ झाली. माझ्या मते घात इथेच झाला. रूटिंग धोरणातला फिल्टर बदलायचा तर आधी प्रयोगशाळेत चाचणी घ्यायची, हा या धंद्यातला शिरस्ता. ‘कमी’ शिक्क्यामुळे तीच काळजी सुटली.

पहाटे ४:४३

डिस्ट्रिब्यूशन राउटरच्या कॉन्फिगरेशनमधून एक फिल्टर काढला जातो. इंटरनेटवरचे मार्ग त्या वर्षी नऊ लाखांच्या वर होते. ते सगळेच्या सगळे गाभ्यातल्या राउटरांवर आदळू नयेत, यासाठी तो फिल्टर होता. गाभ्यातल्या राउटरांवर ‘इतक्यापेक्षा जास्त मार्ग घेऊ नका’ अशी मर्यादाही घातलेली नव्हती.

४:४५

मार्गांच्या लोंढ्याखाली राउटर कोलमडतात. मोबाइल आणि घरचं इंटरनेट, दोन्ही एकाच गाभ्यावर. दोन्ही एकदम बंद. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक.

सकाळ

दुकानांत डेबिट कार्ड चालेना, कारण देशभरातली इंटरॅक ही पेमेंट व्यवस्था रॉजर्सवर विसंबून होती. त्याहून भयंकर गोष्ट ९११ या आपत्कालीन क्रमांकाची. एका कंपनीचं नेटवर्क नसेल, तर फोनने दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ९११ लावायला हवा. पण रॉजर्सचे टॉवर सिग्नल देतच होते, मेला होता तो त्यांच्यामागचा गाभा. फोनला वाटलं, नेटवर्क आहे. तो तिथेच चिकटून राहिला आणि अनेकांचा कॉल लागला नाही. घरात कुणी कोसळलंय, फोनवर सिग्नल दिसतोय आणि मदत मागता येत नाही, ही अवस्था मला आजही अस्वस्थ करते.

तोवर कंपनीच्या आत

एरवी अशा वेळी इंजिनिअर पहिलं काम करतो ते लॉग, म्हणजे राउटरने ठेवलेल्या नोंदी, उघडण्याचं. सिस्को पद्धतीच्या राउटरवर ‘शो लॉगिंग’ म्हटलं की ओळींचा मारा सुरू होतो. पुढे पाइपची उभी रेघ, ‘इन्क्लूड’ आणि ०४:४३ एवढं टाइप केलं, की त्या मिनिटाच्या ओळी तेवढ्या उरतात. बिघाडाच्या आधी काय बदललं, ते तिथे हाती लागतं. पण त्यासाठी आधी राउटरपर्यंत पोहोचावं लागतं. रॉजर्सचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच गाभ्यावर उभं होतं, तेही गेलं. कर्मचाऱ्यांचे फोन रॉजर्सचेच, त्यामुळे एकमेकांशी बोलणंही अशक्य. शेवटी दूरच्या केंद्रांवर दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली.

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास

चौदा तासांनी, बंद पडलेल्या राउटरांचे लॉग हाती येतात आणि कारण कळतं. ज्या पाइप-इन्क्लूडला क्षणभर लागला असता, त्यासाठी अख्खा दिवस गेला. टोरोंटोच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममधला ‘द वीकेंड’ या गायकाचा त्या रात्रीचा कार्यक्रम तोवर पुढे ढकलावा लागला होता.

९ जुलै, सकाळ

सुमारे सव्वीस तासांनी बहुतेकांची सेवा परत येते.

पुढे कंपनीने मॅनेजमेंटसाठी वेगळं नेटवर्क, तसंच मोबाइल आणि घरगुती इंटरनेटसाठी वेगवेगळे गाभे उभारण्याचं काम हाती घेतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या कंपन्यांनी अशा संकटात एकमेकांना मदत करण्याचा करार केला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी बँकेचं, इस्पितळाचं किंवा एखाद्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क सांभाळत असेल, तर एक विनंती आहे. प्रत्येक मुख्य राउटरच्या कन्सोल पोर्टला दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालणारा मोडेम जोडा, आणि मुख्य नेटवर्क मुद्दाम बंद ठेवून त्या वाटेने लॉग उघडतो का, ते या महिन्यातच तपासा.